एका ध्रुवाखाली समुद्र, दुसऱ्याखाली जमीन

माझ्या टेबलावर पृथ्वीचा एक जुना गोल आहे. तो ज्या दांडीवर फिरतो तिची दोन्ही टोके पितळेच्या छोट्या टोप्यांनी झाकलेली आहेत आणि दोन्ही ध्रुव नेमके त्या टोप्यांखाली येतात. सगळे जग दिसते, ध्रुव तेवढे दिसत नाहीत. भिंतीवरच्या नकाशात तर त्यांची याहून वाईट गत होते : अंटार्क्टिका तळाशी ताणलेली पांढरी पट्टी होऊन बसते आणि आर्क्टिक महासागर वरच्या कडेला इतका फाकतो की त्याचा आकारच कळत नाही. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना सारखीच थंडी, सारखाच बर्फ आणि सारखाच अंधार असणार, ही समजूत माझ्या डोक्यात कितीतरी वर्षे ठाण मांडून होती, ती बहुधा या टोप्यांमुळे आणि पट्टीमुळेच.

टोप्यांच्या कडेने नीट पाहिले तर मात्र दोन टोकांचा साचा अगदी उलटा आहे. उत्तरेला सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचा समुद्र आहे आणि त्याला युरेशिया, उत्तर अमेरिका व ग्रीनलंड यांनी जवळजवळ सगळीकडून वेढले आहे. दक्षिणेला जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचे, म्हणजे सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचे खंड आहे आणि त्याच्या चारही बाजूंना समुद्र आहे. आकड्यांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे, पण ध्यानात ठेवायला सोयीचा आहे. ध्रुवीय प्रदेशांच्या हवामानाविषयी वाचत गेलो तसतशी बहुतेक कोडी या एका फरकापाशी येऊन सुटतात, असे माझे मत होत गेले.

उत्तर ध्रुवाखाली समुद्र आहे, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी तेथे जमीन आहे की समुद्र, आणि समुद्र असलाच तर तो केवढा खोल आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १८८१ मध्ये ‘जेनेट’ हे जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले आणि तीन वर्षांनी त्यावरच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ सापडल्या. त्या तेथवर वाहत आल्या असतील तर बर्फही त्याच वाटेने वाहत असला पाहिजे, असे अनुमान नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी काढले आणि १८९३ मध्ये त्यांनी ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले. जहाजाचा तळ असा गोलसर बांधला होता की बर्फाचा दाब वाढला की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. तीन वर्षांनी, १८९६ च्या ऑगस्टमध्ये, ते नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड या द्वीपसमूहाजवळ बर्फातून मोकळे झाले.

या प्रवासातला एक बारकावा मला विशेष आवडतो. समुद्र उथळ असणार अशा अपेक्षेने खोली मोजण्यासाठी नेलेली दोरी तळाला पोहोचेना, तेव्हा जहाजावरच्या पोलादी दोराचे पीळ उकलून, त्यातल्या तारा पुन्हा वळून खलाशांनी नवी लांब दोरी तयार केली आणि ती खाली सोडली. खोली ३,००० मीटरांहून अधिक भरली. आर्क्टिकचा मधला भाग खोल महासागर आहे, हे अशा हाताने वळलेल्या दोरीने सिद्ध झाले. उत्तर ध्रुवाच्या जागी समुद्र ४,००० मीटरांहून अधिक खोल आहे आणि त्यावर तरंगणारा बर्फ जेमतेम दोन-तीन मीटर जाडीचा असतो.

दक्षिणेला या मापांचे स्वरूपच बदलते. अंटार्क्टिकावरील हिमस्तराची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे आणि काही ठिकाणी ती साडेचार किलोमीटरांच्याही पुढे जाते. जगातील सुमारे ९० टक्के बर्फ एकट्या या खंडावर आहे. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीपैकी बहुतेक सगळी बर्फाचीच आहे, कारण तेथे पायाखाली सुमारे २,७०० मीटर बर्फ आहे. ध्रुवावर पोहोचण्यासाठी रोआल्ड आमुंडसेन यांना १९११ च्या डिसेंबरमध्ये आणि रॉबर्ट स्कॉट यांना पुढच्याच महिन्यात हिमनदीवरून उंच पठारावर चढून जावे लागले होते. उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्याला असा चढ लागत नाही, पण पायाखालचा बर्फ भलतीकडेच वाहत राहतो.

ध्रुव हा शब्दच मुळी ‘न हलणारा’ या अर्थाचा आहे आणि ध्रुवबाळाला अढळपद मिळाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात दोन्ही ध्रुवांवर पायाखालची जागा अढळ नाही, फक्त तिच्या चालीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दक्षिण ध्रुवावरचा हिमस्तर वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो, त्यामुळे ध्रुवाची नेमकी जागा दाखवणारा खांब त्याच्याबरोबर सरकत जातो आणि दर १ जानेवारीला मोजणी करून नव्या जागी नवा खांब रोवावा लागतो. उत्तरेचा हिशेब निराळा आहे. १९३७ च्या मे महिन्यात चार सोव्हिएत संशोधकांनी ध्रुवाजवळ एका तरंगत्या हिमखंडावर तळ ठोकला, आणि १९३८ च्या फेब्रुवारीत त्यांना उचलून घेण्यासाठी जहाजे आली तेव्हा ते दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन ग्रीनलंडच्या पूर्वेला पोहोचले होते.

आता थंडीविषयी. येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. ध्रुवांवर थंडी पडते ती तेथे सूर्याची ऊर्जा नेहमीच कमी मिळते म्हणून, असे आपण सरसकट म्हणतो; पण २१ जूनच्या सुमारास उत्तर ध्रुवावर सूर्य चोवीस तास क्षितिजापासून सुमारे साडेतेवीस अंशांवर फिरत असतो. किरण तिरपे असले तरी अखंड असतात आणि दिवसभराचा हिशेब मांडला तर वातावरणाच्या माथ्यावर त्या दिवशी ध्रुवाला मिळणारी ऊर्जा विषुववृत्ताला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. मग ती जाते कोठे? ताजे हिम तिच्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग परत आकाशात फेकते. उत्तरेत जी उरते तिच्यातली बरीचशी बर्फ वितळवण्यात खर्ची पडते आणि वितळणारा बर्फ आपले तापमान शून्याच्या वर जाऊ देत नाही. त्यानंतर सहा महिन्यांची रात्र येते आणि उन्हाळ्यात जमलेली तुटपुंजी पुंजीही निघून जाते.

दक्षिण ध्रुवाच्या बाबतीत तर निसर्गाने थोडे झुकते मापच दिले आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे दक्षिणेच्या भर उन्हाळ्यात पृथ्वीवर पडणारी ऊर्जा उत्तरेच्या भर उन्हाळ्यातील ऊर्जेपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असते. तरीही थंडीत उत्तर ध्रुव दक्षिणेच्या जवळपासही येत नाही. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात तापमान साधारण उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उन्हाळ्यात ते शून्याजवळ येऊन थांबते. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यातले महिने उणे ६० अंशांच्या आसपास जातात आणि ऐन उन्हाळ्यातही सरासरी उणे २५ अंशांच्या खालीच राहते. तेथे २५ डिसेंबर २०११ रोजी उणे १२.३ अंश तापमान नोंदले गेले आणि तो तेथील उष्म्याचा विक्रम ठरला.

या तफावतीचे पहिले कारण उंची. एक किलोमीटर वर गेले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे पावणेतीन किलोमीटरांच्या उंचीने सतरा-अठरा अंशांचा हिशेब तेथेच चुकता होतो. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. उत्तर ध्रुवाच्या बर्फाखाली जे पाणी आहे त्याचे तापमान समुद्राच्या गोठणबिंदूच्या, म्हणजे उणे १.८ अंशांच्या, खाली जाऊच शकत नाही. वरची हवा उणे ३० असताना खाली उणे १.८ अंशांचा अख्खा महासागर पसरलेला असणे म्हणजे बर्फाच्या पातळ थराखाली धुमसती शेगडी ठेवल्यासारखे आहे. तिची ऊब बर्फातून झिरपते, आणि जेथे बर्फाला भेगा पडतात तेथे तर उघड्या पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. दक्षिणेला अशी शेगडी पावणेतीन किलोमीटर बर्फाच्या पलीकडेही नाही. २१ जुलै १९८३ रोजी अंटार्क्टिकावरील वोस्तोक केंद्रात उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले, ते ३,४८८ मीटर उंचीवरच्या अशाच पठारावर, निरभ्र आकाशाच्या आणि दीर्घ रात्रीच्या काळात. अशा वेळी जमिनीलगतची हवा सर्वांत थंड असते आणि काहीशे मीटर वर गेले की ती वीसेक अंशांनी उबदार लागते. उंचीबरोबर थंडी वाढते हा नुकताच सांगितलेला नियम तेथे उलटा होतो.

उत्तर गोलार्धातील सर्वांत कडक थंडी उत्तर ध्रुवावर पडतच नाही, हेही याच कारणाने. उणे ६९.६ अंशांची नोंद १९९१ च्या डिसेंबरमध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर झाली, आणि उणे ६७.८ अंशांची जुनी नोंद सायबेरियातील वेर्खोयान्स्क या गावची आहे. दोन्ही जागा जमिनीवरच्या. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान होते. शंभर अंशांहून मोठा हा झोका समुद्रापासून दूर असलेली जमीनच घेऊ शकते.

समुद्राचा हात कोठवर पोहोचतो हे पाहण्यासाठी एकाच अक्षांशावरची दोन ठिकाणे घ्यावीत. स्वालबार्डमधील लाँगयिअरब्येन सुमारे ७८ अंश उत्तरेला आहे आणि अंटार्क्टिकातील मॅकमर्डो केंद्र सुमारे ७८ अंश दक्षिणेला. दोन्ही किनाऱ्यावर, दोन्हींना रात्र सारखीच लांब. पहिल्या ठिकाणी जुलैचे सरासरी तापमान पाच-सात अंश असते, लोक घरे करून राहतात, डोंगरउतारांवर फुले येतात. दुसऱ्या ठिकाणी जानेवारीची सरासरीही शून्याखाली राहते. अटलांटिकमधून उत्तरेकडे येणारा उबदार प्रवाह स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि मुरमान्स्कसारखे ६९ अंशांवरचे बंदर बारमाही खुले ठेवतो. दक्षिणेला मात्र अंटार्क्टिकाभोवती, वाटेत कोणतीही जमीन आडवी येत नसल्यामुळे, पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड फिरणारा प्रवाह आहे. जगातील सगळ्या नद्या मिळून जेवढे पाणी समुद्रात ओततात त्याच्या शंभरपटीहून अधिक पाणी तो वाहून नेतो आणि उत्तरेकडचे उबदार पाणी पृष्ठभागावरून किनाऱ्याकडे येऊ देत नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी उघडली, तेव्हाच हे वलय पुरे होण्याची वाट मोकळी झाली. अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर धरू लागला तो सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी. त्यात सामुद्रधुनीचा वाटा किती आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड घटल्याचा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि ते मला रास्त वाटतात.

समुद्र गोठतो कसा, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या मनातले तळ्याचे चित्र पार पुसले गेले. तळ्यातील गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड पाणी वरच राहते आणि तळ्यावर पापुद्रा चटकन धरतो. समुद्राचे खारे पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते, त्यामुळे वरचे थंड पाणी बुडते, खालचे वर येते, आणि बराच जाड थर गार झाल्याशिवाय बर्फाची सुरुवात होत नाही. मग पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक दिसू लागतात. ते वर जमून दाट लगदा होतो तेव्हा समुद्रावर तेल सांडल्यासारखी मंद, राखाडी झाक येते आणि लहान लाटा त्याखाली दबून जातात. लाटांच्या हेलकाव्यांनी त्या लगद्याच्या गोल चकत्या होतात. एकमेकींवर आपटून आपटून त्यांच्या कडा थाळीच्या काठासारख्या वर उचलल्या जातात. थंडी टिकली तर चकत्या सांधल्या जातात आणि त्यांचा सलग पत्रा तयार होतो.

या सगळ्यात मिठाचे काय होते, ते खरे पाहण्यासारखे आहे. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. ते तीव्र खाऱ्या पाण्याच्या रूपाने बारीक पोकळ्यांत अडकते आणि हळूहळू नळ्यांतून खाली गळून जाते. म्हणूनच पहिल्या वर्षीचा सागरी बर्फ खारट लागतो, तर काही उन्हाळे काढलेला जुना बर्फ वितळवून पिता येतो. गळलेले खारे, जड, थंड पाणी खाली बुडते. अंटार्क्टिकाच्या वेडेल आणि रॉस या समुद्रांच्या परिसरात असे पाणी इतके तयार होते की ते महासागरांच्या तळाशी पसरत विषुववृत्तही ओलांडते.

दोन टोकांच्या सागरी बर्फाची वार्षिक चालही त्यांच्या साच्याप्रमाणेच आहे. आर्क्टिकचा बर्फ किनाऱ्यांनी कोंडलेला असल्यामुळे त्याला पसरायला मर्यादा आहे, पण तो टिकतोही. मार्चमध्ये तो साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत जातो. दक्षिणेचा बर्फ मोकळ्या समुद्रात पसरतो, सप्टेंबरमध्ये १.८ कोटी चौरस किलोमीटरच्या घरात पोहोचतो आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातील बहुतांश वितळूनही जातो. हिवाळ्यात अंटार्क्टिकाचे पांढरे क्षेत्र दुपटीहून मोठे होते, असे म्हटले तरी चालेल.

वाऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. पठारावरची थंड हवा जड होऊन उतारावरून घसरत किनाऱ्याकडे येते आणि दऱ्यांतून वाट काढताना तिला जबरदस्त वेग येतो. डग्लस मॉसन यांच्या तुकडीने १९१२-१३ मध्ये केप डेनिसन येथे मुक्काम केला, तेथे वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेगच ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होता. हिमवादळांमुळे अंटार्क्टिकात भरपूर हिमवर्षाव होत असेल असे वाटते; परंतु आतल्या पठारावर वर्षभरात पडणारे हिम वितळवले तर ५० मिलिमीटरही पाणी भरत नाही. ते वाळवंट आहे. वादळात उडते ते बहुतांशी आधीच पडलेले हिम असते.

साच्यातील फरक किती उंचीपर्यंत पोहोचतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओझोन. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत भयंकर पातळ होत असल्याचे जाहीर केले. त्याला कारणीभूत असलेली क्लोरीनयुक्त रसायने बहुतांशी उत्तर गोलार्धातून हवेत गेली होती, मग भोक दक्षिणेला का पडले? उत्तर गोलार्धात पर्वतरांगा आणि जमीन-समुद्राची आलटूनपालटून रचना यांमुळे वातावरणात मोठ्या लहरी उठतात आणि त्या स्थितांबरातील, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरातील, ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेच्या भोवऱ्याला धक्के देऊन त्यात उबदार हवा मिसळतात. दक्षिणेला मधोमध खंड आणि भोवती समुद्र, म्हणून भोवरा निर्वेध फिरत राहतो. आतली हवा उणे ७८ अंशांच्या खाली जाते, तेथे विशिष्ट ढग तयार होतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन ओझोनभक्षक रूपात मोकळा होतो. उत्तरेला असे मोठ्या प्रमाणावर घडते ते एखाद्या विशेष थंड वर्षीच, जसे २०११ आणि २०२० मध्ये घडले.

सजीवांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे : अस्वले उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, आणि दोघांना एका चित्रात बसवणाऱ्या चित्रकारांना माझा सविनय नमस्कार. वनस्पतींचा फरक मात्र क्वचितच सांगितला जातो. आर्क्टिकच्या जमिनी दक्षिणेकडच्या खंडांना जोडलेल्या असल्यामुळे तेथे सपुष्प वनस्पतींच्या शेकडो जाती आहेत. अंटार्क्टिका खंडावर मूळच्या अशा जाती दोनच आहेत, एक गवत आणि एक गादीसारखी पसरणारी बुटकी वनस्पती.

तापणाऱ्या जगात दोन्ही टोके वेगवेगळ्या गतीने का बदलत आहेत, याचेही उत्तर बरेचसे येथेच आहे. आर्क्टिकवरचा बर्फ पातळ आहे, म्हणून तो चटकन जातो. तो गेला की सूर्यप्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या जागी ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषणारे काळे पाणी उघडे पडते, आणि ते पाणी पुढच्या हिवाळ्यात गोठायला उशीर लावते. १९७९ पासूनच्या नोंदींनुसार आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा तिप्पट ते चौपट वेगाने तापला आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तेथील सागरी बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, तो उपग्रहीय नोंदींतला नीचांक आहे. दक्षिणेचा सागरी बर्फ बरीच वर्षे फारसा घटला नाही, उलट किंचित वाढलाही. २०१६ पासून मात्र त्याचे रूप पालटले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला.

तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ : ग्रीनलंडचा सगळा बर्फ समुद्रात गेला तर सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिकाचा गेला तर सुमारे ५८ मीटर. अशा जुन्या हिमनदीचा तुकडा पाण्यात पडला की तडतड आवाज येतो. हिम थरावर थर दबत जाताना त्यात कोंडलेले हवेचे बुडबुडे दाबाखाली असतात आणि ते एकेक करून फुटतात. अंटार्क्टिकाच्या बर्फातील असेच बुडबुडे तपासून संशोधकांनी ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला आहे.

येथे मला माझ्याच मांडणीत एक दुरुस्ती करावी लागते. दक्षिण ध्रुवाखाली जमीन आहे हे खरे, पण अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागात हिमस्तर ज्या खडकावर टेकला आहे तो समुद्रसपाटीच्या पुष्कळ खाली आहे, काही ठिकाणी तर दोन किलोमीटरहून अधिक. बर्फ बाजूला केला तर तेथे सलग भूमीऐवजी समुद्र आणि बेटे दिसतील. थ्वेट्स हिमनदीचा तळ किनाऱ्यापासून आत जावे तसा आणखी खोल उतरत जातो, आणि तिच्या पुढच्या तरंगत्या कडेखाली शून्याहून एखाद-दोन अंशच उबदार असलेले खोल समुद्राचे पाणी शिरते. गोठणबिंदूपेक्षा एवढे उबदार असलेले पाणी बर्फाला पुरेसे जड जाते. कड झिजली की हिमनदी जेथे खडकावर टेकलेली असते ती रेषा आत सरकते. आत तळ अधिक खोल असल्यामुळे तेथे बर्फाची जाडी वाढते, आणि जेवढी जाडी वाढते तेवढा बर्फ अधिक वेगाने बाहेर वाहतो. थ्वेट्सची ती रेषा गेल्या काही दशकांत किलोमीटरांच्या हिशेबाने मागे गेली आहे.